पालकाची सही

संध्याकाळच्या सर्टिफिकेट कोर्सच्या माहितीसभेसाठी कॉलेजच्या हॉलमध्ये साठ खुर्च्या मांडल्या होत्या. आले दोघं. त्यातला एक आमच्याच लॅब असिस्टंटचा मेहुणा. प्राचार्य म्हणाले, या लोकांना शिकायचंच नाही. खोटं कशाला बोलू, मलाही तेव्हा तसंच वाटलं.

कोर्स साधा होता. ड्रॉइंग वाचन, मोजमाप आणि सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं प्रोग्रॅमिंग, एकूण ९० तास. डिग्री नाही, पण ३ क्रेडिट. ३० तासांचं एक क्रेडिट, हा राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यातला हिशोब आम्ही पत्रकात सगळ्यात ठळक छापला होता. पत्रक इंग्रजी आणि कन्नडमध्ये.

पुढच्या आठवड्यात पत्रकांचा गठ्ठा घेऊन मी एकटीच बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत गेले. तीनची पाळी सुटत होती. चहाच्या गाड्यावर येळ्ळूरचे एक मामा भेटले. पंचेचाळिशीचे, शर्टाला कूलंटचा वास. पत्रक उलटंपालटं करून म्हणाले, "मॅडम, हे क्रेडिट म्हणजे काय की? सोसायटीतल्यासारखं काय?"

मी 'अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स', म्हणजे शिकून मिळवलेली क्रेडिट जमा राहतात ते खातं, समजावायला घेतली. बँक म्हटल्यावर शेजारचा हसला. "आणि एक बँक? हाय त्या बँकेचंच फिटंना झालंय."

मी गप्प झाले. तेवढ्यात मामांनी माझंच पेन घेऊन पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक खूण काढली. एकात एक दोन वर्तुळं, बाजूला टोक छाटलेला शंकू. "हे ड्रॉइंगच्या कोपऱ्यात असतंय बघा. हे शिकिवणार काय?"

मागच्या महिन्यात त्यांचे चाळीस जॉब, म्हणजे मशीनवर केलेले भाग, रिजेक्ट झाले होते. भोक उलट्या बाजूला पडलं होतं. "ड्रॉइंग बघूनच मारलं की मी. तरी चुकलं कसं, ते कोण सांगंना."

माझ्या हातात चहाचा पेला होता. तो रिकामा करून फळीवर आडवा ठेवला, बुड डावीकडे. म्हटलं, मामा, तुमचा शंकू हाच. आता डावीकडून बघा, काय दिसतं? दोन वर्तुळं. आपल्याकडच्या पद्धतीत ती पेल्याच्या उजवीकडे काढतात, अमेरिकन पद्धतीत डावीकडेच. कुठली पद्धत, ते ही खूण सांगते. तुम्ही ती अमेरिकन ड्रॉइंग आपल्या पद्धतीनं वाचलीत.

मामा पेल्याकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "बावीस वर्षं झाली मॅडम, कुणी हे सांगिटलं न्हाई."

गाड्याभोवती सात-आठ जण जमले होते. पण पुढचे प्रश्न ड्रॉइंगचे नव्हतेच. पाळी दर आठवड्याला बदलते, मग सहाच्या क्लासला यायचं कसं? कामाच्या कपड्यात वॉचमन आत सोडेल काय? पोरं हसतील काय? फीबद्दल शेवटी एकानं विचारलं, तेही हप्ता आहे का एवढंच. सभेत आम्ही यातल्या एकाचंही उत्तर दिलं नसतं, कारण आम्हाला हे प्रश्नच सुचले नव्हते.

परत येऊन एकच तास सकाळी आणि संध्याकाळी, दोनदा घ्यायची परवानगी मागितली. प्राचार्यांनी मानधन एकाच तासाचं, या अटीवर दिली. (अजून तसंच आहे.) वॉचमनला मी स्वतः सांगितलं. पत्रक मराठीत लिहून झेरॉक्स काढली. त्यावर क्रेडिट तळाशी एका ओळीत, वर फक्त ती खूण आणि खाली 'हे काय आहे?'

फॉर्म मात्र बदलायचा राहिला. डिग्रीचाच फॉर्म वाटला गेला. आठवड्यानं मामा भरलेला फॉर्म घेऊन आले. शिक्षणाच्या रकान्यात 'दहावी नापास', आणि खाली 'पालकाची सही' इथं वळणदार इंग्रजी सही.

"मामा, ही कुणाची?"

"पोराची. डिप्लोमाला हाय. वडील वारले माझे, मग घरात शिकलेला तोच की."

क्लार्क फॉर्म परत करायला निघाला होता. मी तो काढून घेतला आणि शिक्का मारला.