म्युलर-लायरचं प्रॅक्टिकल आणि ऋण उत्तर

आज मानसशास्त्राच्या प्रॅक्टिकलला म्युलर-लायर भ्रम होता, म्हणजे सारख्याच लांबीच्या दोन रेषा टोकांच्या खुणांमुळे लहान-मोठ्या भासतात तो. कागल, पन्हाळ्याकडनं एसटीनं येणारी पोरं पट्टी हातात आली की थेट सरकवायलाच लागतात. खरं काम त्याआधीचं.

बाणाची टोकं असलेली रेषा स्थिर, उलट्या पिसांची रेषा सरकती. दोन्ही सारख्या दिसल्या की प्रयुक्तानं (ज्याच्यावर प्रयोग चाललाय त्यानं) थांबायचं. एकूण २० प्रयत्न: १० वेळा सरकती रेषा ठळक लांब ठेवून आत, १० वेळा आखूड ठेवून बाहेर. त्यातही निम्म्या वेळा ती उजवीकडे, निम्म्या वेळा डावीकडे. हे वाटप चुकलं तर हालचालीची आणि जागेची चूक भ्रमातच मिसळते. सुरुवातीचा बिंदूही दरवेळी बदला, नाहीतर डोळ्याऐवजी हातच अंतर लक्षात ठेवतो. मागची मिलिमीटरची पट्टी प्रयोगकर्त्याकडेच हवी, आणि मध्येच ‘बरोबर आलं’ म्हणायचं नाही.

सगळ्यात जास्त घोळ शेवटी होतो. सरकत्या रेषेच्या वीस लांब्यांच्या सरासरीतून स्थिर रेषेची लांबी वजा केली की उत्तर ऋण येतं आणि पोरं घाबरून खाडाखोड करतात. अरे, बहुतेकदा ते ऋणच येणार! पिसांची रेषा लांब भासते, म्हणून आखूड असतानाच सारखी वाटते.

भ्रम १८८९ सालचा. १९६६ मध्ये सिगॉल, कॅम्पबेल, हर्स्कोविट्स या संशोधकांनी दाखवलं की त्याची तीव्रता सगळ्या समाजांत सारखी नसते. म्हणून पुस्तकातला आकडा वहीत उतरवू नका रे, आपल्या प्रयुक्ताचाच लिहा. जर्नल शुक्रवारी तपासणार आहे, कच्चा तक्ताही सोबत आणा.