ब्रेक पॅडची झीज: पाऊस आणि घाट
पावसाळ्यात ब्रेक पॅड लवकर जातात, अशी आमच्या साताऱ्यात अनेकांची समजूत आहे आणि ती अर्धीच खरी आहे. चाकासोबत फिरणारी डिस्क आणि तिच्यावर दाबले जाणारे पॅड यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर आला की घर्षण काही क्षण घटते, एवढेच पाणी स्वतः करते. साध्या मोटारीच्या कोरड्या पॅडचा घर्षणांक साधारण ०.३५ ते ०.४५ असतो, ओल्या डिस्कवर तो पहिल्या दाबाला खाली येतो आणि चाकाच्या काही फेऱ्यांत पाणी पुसले गेले की बहुतेक पूर्ववत होतो. त्यामुळे ओढ्याच्या पाण्यातून गाडी बाहेर काढल्यावर, मागे कोणी नाही हे पाहून, पेडल हलकेच दाबत थोडे अंतर जावे.

झीज होते ती पाण्यासोबत येणाऱ्या रेतीने आणि गंजाने. चिखलातली बारीक रेती पॅडमध्ये रुतते आणि डिस्कवर गोल चरे पाडते. डिस्क बिडाची असल्यामुळे रात्रभर पावसात उभ्या गाडीत तिच्यावर तांबूस गंज चढतो. सकाळी पहिल्या काही ब्रेकांना ऐकू येणारी खरखर त्याचीच. माण-खटावची कोरडी धूळही पॅड घासतेच, पण तिला कोणी दोष देत नाही.

माझ्या मते पॅडचा मोठा शत्रू उष्णता आहे. पाचगणीहून पसरणी घाटाने वाईला येताना गाडी सुमारे ५५० मीटर खाली उतरते. माणसांसह १,२०० किलो वजन धरले, तर ही जवळपास ६५ लाख ज्यूल ऊर्जा होते, आणि हवेचा व चाकांचा रोध वजा जाता ती इंजिनाने तरी अडवायची किंवा ब्रेकने तरी. पेट्रोल वाचवण्यासाठी न्यूट्रलमध्ये उतरणारे महाभाग ती सगळी पॅडवर टाकतात. पॅडमधले घटक धरून ठेवणारे फिनॉलिक रेझिन फार तापले की त्याचे विघटन होऊन वायू सुटतो, पेडल घट्ट लागत असूनही गाडी हवी तशी थांबत नाही, आणि झीजही झपाट्याने वाढते. हाच घाट दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरला, तर पॅडवरचा बराच भार इंजिन उचलते.

भर पावसात वेग कमी असतो आणि पाण्याने डिस्क थंडही होते, त्यामुळे हा ताप मे महिन्यापेक्षा कमीच. तेव्हा गाडी लांबवर जाऊन थांबते, ती मुख्यतः ओल्या डांबरावर टायरची पकड घटल्यामुळे. नवे पॅड टाकून ते अंतर कमी होत नाही.

पावसाचे खरे नुकसान कॅलिपरच्या, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या पकडीच्या, सरकत्या पिनांमध्ये दिसते. त्या गंजून जाम झाल्या की सहसा आतल्या बाजूचा पॅड एकटाच झिजत राहतो आणि बाहेरून पाहणाऱ्याला सारे ठीक वाटते. म्हणून चाक काढून दोन्ही पॅड पाहावेत, आणि कोणताही ३ मिलिमीटरवर आला असेल, तर जोडी बदलून पिनांना योग्य ते ग्रीस लावून घ्यावे.