नव्या भाषेला ‘नको’ म्हणण्याआधीचे सहा आठवडे

“परत एकदा?” मीटिंगमध्ये पहिली प्रतिक्रिया माझीच होती.

एका कंपनीने वेबसाठी नवी प्रोग्रॅमिंग भाषा आणली होती. ब्राउझरमधला कोड, सर्व्हरवरचा कोड, डेटाबेसच्या क्वेरी, सगळं तिच्यातच लिहायचं. लिहिलेला कोड मशीनला चालेल अशा रूपात आणणारा कंपाइलर त्यांचा, तो चालवणारा रनटाइम त्यांचा आणि दर सर्व्हरमागे वर्षाचं लायसन्स. वरच्या मंडळींना डेमो फार आवडला होता. टीममध्ये मात्र कुणी हसलं, कुणी “आत्ता आहे त्यात काय अडलंय?” म्हणालं, आणि एकाने भाषेचं नावही न ऐकता “फुकट असेल तर बघू” असा निकाल देऊन टाकला.

टीम लीड माझ्याकडे वळली. “सगळ्यात जास्त कुरकुर तूच करतोयस ना, मग तूच तपास. सहा आठवडे घे. नाही म्हणायचं असेल तर कारण दे, ‘मला वाटतं’ चालणार नाही.”

तिला माझा इतिहास ठाऊक होता. 2012 मध्ये मायक्रोसॉफ्टचं टाइपस्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरच्या जावास्क्रिप्ट भाषेला टाइप-तपासणी जोडणारी भाषा, आलं तेव्हाही मी असंच नाक मुरडलं होतं. मोठी कंपनी आहे, दोन वर्षांत गुंडाळतील, वगैरे. आता मी दिवसभर तेच लिहितो. त्यामुळे माझ्या संशयावर माझाच फारसा भरवसा नव्हता.

पहिला आठवडा जुनी प्रकरणं उकरण्यात गेला. एमआयटीत जन्मलेल्या कर्ल या भाषेची 1998 मध्ये कंपनी निघाली होती. पानाची मांडणी, स्क्रिप्ट आणि जड प्रोग्रॅमिंग, तिन्ही एकाच भाषेत, हेच तिचंही आश्वासन. आमच्या टेबलावरचं माहितीपत्रक जणू तिथूनच उतरवलेलं! तिला ब्राउझरमध्ये प्लगइन, म्हणजे वेगळं जोडायचं सॉफ्टवेअर, बसवावं लागे. 2007 मध्ये आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटलाही प्लगइन लागायचं. त्याचा सपोर्ट 12 ऑक्टोबर 2021 ला संपला. वेबवर अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओ दाखवणारं फ्लॅश तर एके काळी जिथे तिथे होतं, तरी 12 जानेवारी 2021 पासून त्याच्या प्लेअरनेच फ्लॅश चालवणं बंद केलं. गूगलची डार्ट ही भाषा 2011 मध्ये आली, तिचं इंजिन थेट क्रोममध्ये बसवायचा बेत 2015 मध्ये सोडून दिला गेला. आणि या सगळ्यांना पुरून उरलं ते 1995 मध्ये जेमतेम दहा दिवसांत पहिला आराखडा उभा राहिलेलं जावास्क्रिप्ट. हसावं की रडावं कळत नाही.

पण माझ्या बाजूला न बसणारं एक उदाहरणही सापडलं. कोल्डफ्यूजनही 1995 चंच, पैसे मोजून घ्यायचं, आणि दोनदा मालक बदलूनही टिकलेलं. म्हणजे ‘विकतची भाषा मरतेच’ हे काही खरं नाही. कोल्डफ्यूजन सर्व्हरवर चालतं, तिथे ब्राउझर बनवणाऱ्यांची मर्जी सांभाळावी लागत नाही. आणि आमच्या या नव्या पाहुण्या भाषेकडे प्लगइनच्या आक्षेपाला उत्तर होतंच: ती वेबअसेम्ब्लीत, म्हणजे ब्राउझरला थेट चालवता येणाऱ्या कोडच्या रूपात, कंपाइल होत होती. ते डिसेंबर 2019 पासून वेबचं अधिकृत मानक आहे आणि सगळ्या मोठ्या ब्राउझरमध्ये आधीपासूनच असतं. माझा सगळ्यात लाडका मुद्दा पहिल्याच आठवड्यात बाद झाला.

मग बसलो आणि आमचा अर्ज भरायचा एक स्क्रीन तिच्यात नव्याने लिहिला. खोटं कशाला बोलू, मजा आली. सर्व्हरवर एका फील्डचं नाव बदललं की ब्राउझरच्या कोडमधल्या तीन ओळी लगेच लाल व्हायच्या. आमच्याकडे असल्या चुका ग्राहकाचा फोन आल्यावर कळतात.

स्क्रीन तयार झाला. त्यावर ‘पत्ता’ शोधायला सवयीने कंट्रोल-एफ दाबलं. शून्य निकाल. समोर ठळक अक्षरात ‘पत्ता’ लिहिलेलं, आणि ब्राउझर म्हणतोय असा शब्दच नाही. ती भाषा सगळा स्क्रीन कॅनव्हासवर, म्हणजे पानावरच्या चित्र काढायच्या कोऱ्या चौकटीत, स्वतः रंगवत होती. ब्राउझरच्या दृष्टीने ते एक चित्र होतं. माउसने मजकूर निवडता येईना. दृष्टिहीनांना स्क्रीन वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर लावला तर तो पानाचं शीर्षक वाचून गप्प. वर ‘क्षेत्र’ मधला क्ष फुटून क् आणि ष वेगवेगळे उभे. कंपनीला कळवलं. “रोडमॅपवर आहे,” असं उत्तर आलं. तारीख नव्हती.

चौथ्या आठवड्यात रात्री बिल्ड, म्हणजे कोडवरून चालतं अ‍ॅप तयार करणं, अडकला. मी कोडमध्ये चूक शोधत बसलो, कालचे बदल मागे घेतले, कॅशे उडवली. शेवटी लॉगच्या तळाशी ओळ दिसली: लायसन्सची पडताळणी होऊ शकली नाही. त्यांचा लायसन्स सर्व्हर बंद होता. माझा कोड, माझं मशीन, आणि कंपाइल करायला परवानगी दुसऱ्याची! दोन-अडीच तासांनी आपोआप सगळं सुरू झालं. एरवी असा एरर मेसेज शोधला की आधी ठेच लागलेली दहा माणसं भेटतात. इथे फक्त त्यांची तिकिटं भरायची खिडकी होती, आणि ती रात्री बंद.

शेवटच्या बैठकीत त्यांच्या प्रतिनिधींना मी एकच प्रश्न विचारला: “उद्या तुम्ही हे बंद केलंत तर आमच्या हातात काय उरतं?”

“सोर्स कोड तुमचाच असतो, सर.”

“आणि तो कंपाइल कशाने करायचा?”

ते थोडं थांबले. टाइपस्क्रिप्टचा कंपाइलर पहिल्यापासून खुला आहे, आणि त्यातून बाहेर पडतं ते साधं, वाचता येणारं जावास्क्रिप्ट. उद्या टाइपस्क्रिप्ट बुडालं तर ते हातात घेऊन पुढे जाता येतं. 2012 मध्ये मला हे दिसलं नव्हतं. इथे हाती लागणार होती ती बायनरी, माणसाला वाचता न येणारी यंत्राची फाइल. “मग काय बदललं तर घ्याल?” त्यांनी विचारलं. प्रश्न प्रामाणिक होता. मी म्हटलं, “कंपाइलर खुला करा, पैसे सपोर्टचे आणि टूल्सचे घ्या.” “वर विचारून सांगतो,” म्हणाले.

अहवालात मी ‘नको’ लिहिलं, दोन पानं कारणांसकट. सोबत सुचवलं की त्या लाल ओळींची सोय आपण टाइपस्क्रिप्टमध्ये करू, सर्व्हर आणि ब्राउझर दोघांनी फील्डची नावं आणि प्रकार लिहिलेली एकच टाइप फाइल वापरायची. ते काम आता निम्मं झालंय.

प्रतिनिधींचं उत्तर अजून आलेलं नाही. ट्रायलची मुदत मागच्या महिन्यात संपली. तो अर्जाचा स्क्रीन कुणाला तरी दाखवावा म्हणून परवा फोल्डर उघडला. फाइली सगळ्या जागेवर आहेत, वाचताही येतात. रन दाबलं तर लायसन्स क्रमांक विचारणारी चौकट येते.