तुम्ही विचारलंत म्हणून: दागिन्यांच्या कामाला टेबल कसं घ्यावं?

चांदीकाम शिकायला येणारी मंडळी हात थोडा बसला की हमखास विचारतात, "ताई, आता घरी करायचं म्हणतो. टेबल तयार मागवू की सुताराकडून करून घेऊ?" दोन्ही चालतं. पण त्याआधी उंची ठरवा. लाकूड, ड्रॉवर, दिवा हे सगळं नंतर सुधारता येतं. उंची चुकली तर मान आणि खांदे धरतात, आणि चांगला हात असलेली माणसं "मला जमत नाही" म्हणून काम सोडून देतात. हे मी होताना पाहिलंय, म्हणून इतक्या आग्रहानं सांगते.

घरातलं जेवणाचं किंवा अभ्यासाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतं. लिहायला ते बरोबर आहे, कारण लिहिताना कागद कोपराच्या पातळीवर लागतो. आपल्या कामात वस्तू छातीसमोर हवी. अंगठीच्या पट्टीत नक्षी कापतानाच बघा. करवतीचं दोन शून्य नंबरचं पातं जेमतेम पाव मिलिमीटर जाडीचं. दात खाली, मुठीकडे वळलेले, म्हणजे काप पडतो तो करवत खाली ओढताना. पातं उभंच्या उभं राहिलं पाहिजे, आणि रेघेवर नजर वाकून नव्हे तर समोरून पडली पाहिजे. टेबल बुटकं असेल तर आपण पाठीचं धनुष्य करून खाली जातो, त्याबरोबर मनगट कलतं, पातं तिरकं होतं आणि तुटतं. मग दोष पात्यांच्या कंपनीला!

माप असं घ्या. ज्या स्टुलावर रोज बसणार त्यावरच बसा, पाय जमिनीला पूर्ण टेकवून, पाठ सरळ ठेवून. अंगठी चिमटीत धरल्यासारखी मूठ छातीसमोर आणा, जिथे ती मान न वाकवता स्वच्छ दिसते तिथे थांबा, आणि घरातल्या कुणाला तरी जमिनीपासून मुठीच्या तळापर्यंत टेप धरायला सांगा. स्टूल ४५ सेंटिमीटरचं असेल तर बहुतेकांचं माप ९० ते १०० च्या दरम्यान येतं. नागपूरच्या लकडगंजातल्या सुताराला हा आकडा दिला की तो एकदा तरी म्हणणारच, "ताई, टेबल तं अडीच फुटाचं राह्यते, एवढं उंच कायले पाह्यजे?" त्याचं बरोबर आहे, त्यानं जन्मभर तीच टेबलं केलीत. त्याला स्टुलावर बसवून मूठ धरून दाखवा, लगेच समजतं.

इतवारीच्या सराफ्यात वरच्या माळ्यांवर कारागीर मांडी घालून, बुटक्या मेजापुढे काम करतात. काही जणांना ते जुनाट वाटतं, मला अजिबात वाटत नाही. मांडी घालून बसलं की छाती जमिनीपासून साधारण ४५ सेंटिमीटरवर येते, आणि मेज तेवढंच असतं. नियम तोच आहे, फक्त स्टूल काढून टाकलंय. हातातून निसटलेला खडा मांडीवरच्या फडक्यात पडतो, लांब घरंगळत जात नाही. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहत असाल आणि गुडघे साथ देत असतील तर आधी याचाच विचार करा. रात्री मेज भिंतीला उभं लावून ठेवता येतं. गुडघ्याचा त्रास असेल तर मात्र हट्ट नको.

लाकडाबद्दल लोक फार काळजी करतात. महालातले जुने वाडे पडतात तेव्हा निघणारं सागवान मिळालं तर सोन्याहून पिवळं. ते वर्षानुवर्षं वाळलेलं असतं, नागपूरच्या उन्हाळ्यातही वाकत नाही. नाही मिळालं तर १९ मिलिमीटरचे दोन प्लाय फेविकॉल आणि स्क्रूनं एकावर एक जोडले की चांगली भरभक्कम फळी होते. फ्लश डोअर मात्र घेऊ नका. स्वस्त पडतं, पण बसण्यासाठी पुढच्या कडेला अर्धगोल कापला की आतला पोकळ, भुसभुशीत भाग उघडा पडतो आणि धातूचा कीस त्यात जाऊन बसतो. अर्धगोल हवाच. आपण त्याच्या आत बसतो आणि दोन्ही हात दोन बाजूंच्या लाकडावर टेकतात. हाताची थरथर तिथे थांबते. पाय जाड, आणि टेबल भिंतीला अँगल मारून पक्कं. हलणाऱ्या टेबलावर कानस चालत नाही. वरती तिन्ही बाजूंना बोटभर उंच पट्टी ठोकून घ्या, म्हणजे खडे मागे पडत नाहीत.

वस्तू टेकवून कापायला-घासायला अर्धगोलाच्या मधोमध पुढे आलेली लाकडाची जीभ म्हणजे पिन. माझ्या मते खरं टेबल हेच, बाकी सगळं तिला धरून ठेवण्यासाठी. पिन बाभळीची किंवा शिसवीची करा, एक बाजू सपाट आणि दुसरी उतरती, आणि अशी बसवा की उलटीपालटी करता येईल. कापायला सपाट बाजू वर, कानशीला उतरती. तिच्यातली 'व्ही' आकाराची खाच सुताराला कापू देऊ नका, स्वतः कापा. पुढे अंगठी टेकवायला एक छोटा खळगा, तार घासायला एक चर, असे तुमच्या कामाचे आकार तिच्यावर हळूहळू उमटत जातात. झिजली की बदला; तिचं कामच झिजणं आहे.

आता कीस. घासताना पडणारा प्रत्येक कण हा विकत घेतलेला धातू आहे. सराफ्यात दुकानांपुढची आणि नालीतली माती धुऊन त्यातून सोनं काढणारे झारेकरी पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत आलेत, यावरून काय ते समजा. अर्धगोलाखाली चामडं लावता येतं किंवा पत्र्याचा ट्रे. चामड्यावर पडलेल्या वस्तूला ओरखडा जात नाही, पण गरम तुकडा पडला तर भोक पडतं. नवशिक्यांनी ट्रे घ्यावा, ब्रशनं झाडायला सोपा. सोनं आणि चांदी दोन्ही करणार असाल तर ट्रे दोन, काम बदललं की ट्रे बदला. गोळा झालेल्या किसातून लोहचुंबक फिरवला की पात्यांचे तुकडे निघून जातात. आणि इलेक्ट्रिकच्या कामाचं शिशाचं सोल्डर या टेबलाजवळ येऊच देऊ नका. त्याचा कण चांदीला चिकटून राहिला आणि वर आच लागली की तिथली चांदी खाल्ली जाते, खड्डा पडतो.

टेबल घरात कुठे ठेवायचं, हा नागपुरात वेगळाच प्रश्न होतो. मे महिन्यात ४५ अंशांत कूलरशिवाय बसणं शक्य नाही, आणि कूलरच्या झोतात काम होत नाही. ज्योत फडफडते, कीस उडतो. म्हणून टेबल झोताच्या बाजूला, आडोशाला घ्या. हवा पाठीला लागली तरी पुरते. दुसरं म्हणजे कूलरची ओल. जूनपर्यंत कानशी आणि पाती गंजायला लागतात. ती झाकणाच्या डब्यात खडूचे दोन-चार तुकडे टाकून ठेवा, खडू ओल शोषून घेतो. खिडकी उत्तरेची मिळाली तर उत्तम. थेट ऊन टेबलावर नको, कारण तापलेल्या धातूचा मंद लालसर रंग उन्हात दिसतच नाही, आणि झाळ, म्हणजे वितळवून जोड बसवायचा मिश्रधातू, लावताना भिस्त त्या रंगावरच असते. स्टर्लिंग, म्हणजे ९२.५ टक्के चांदी ८९३ अंशांना पूर्ण वितळते, तिची कडक झाळ ७८० च्या आसपास वाहते. मधलं अंतर एवढंच आहे.

आगीची जागा टेबलाच्या एका कोपऱ्यात, खाली आणि मागे भट्टीच्या विटा लावून. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बंद कोनाड्यात नको, आणि दाराखालची फट बुजवू नका. धूर बाहेर फेकणारा पंखा हवाच. सोन्याचं काम करणाऱ्यांनी झाळ कॅडमियम नसलेलीच मागून घ्यावी. 'केडीएम' या नावामागे कॅडमियमच आहे. ते ७६७ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ फुप्फुसं आणि मूत्रपिंडं खराब करते. ती झाळ जपून वापरण्याची नाही, घरात न आणण्याचीच वस्तू आहे. काळं पडलेलं काम साफ करायचं तुरटीचं किंवा आम्लाचं भांडं टेबलापासून लांब, शक्यतो दुसऱ्या खोलीत; त्याच्या वाफेनं हत्यारं गंजतात.

ऐरण टेबलावर ठेवू नका, तिला वेगळा ओंडका द्या. भोकं पाडायच्या, घासायच्या लोंबत्या मोटरचा हूक उजव्या हाताला, एवढ्या उंचीवर की तिच्या लवचीक नळीला तीव्र वाक न येता टोकाचा हातात धरायचा हँडपीस पिनपर्यंत पोचेल.

हे सगळं एकदम जमवायची गरज नाही. सुताराकडून फक्त पिन करून घ्या, ती सी-क्लँपनं घरच्याच टेबलाला लावा, आणि टेबल उंच करण्याऐवजी स्वतः ३० सेंटिमीटरच्या बुटक्या स्टुलावर बसा. महिना-दोन महिने असं काम करा. मान दुखते का, हात कुठे टेकतात, कोणतं हत्यार सारखं शोधावं लागतं, हे लिहून ठेवा. तो कागद आणि तुमचं माप घेऊन लकडगंजात जा.