श्वास सोडल्यानंतरची प्रतिमा

नागपुरात सीटी तंत्रज्ञ म्हणून काम करताना माझे एक मत पक्के झाले आहे: ज्यांना दम लागतो, त्यांच्या छातीचा सीटी केवळ श्वास भरून घेतलेल्या अवस्थेत काढणे पुष्कळदा अपुरे पडते. दम्यात आणि सीओपीडीत (फुप्फुसांच्या दीर्घकालीन अडथळ्याच्या आजारात) हवा मुख्यतः बाहेर पडतानाच अडते, आणि ते दिसायचे तर श्वास सोडल्यानंतरचीही प्रतिमा हवी.

सीटीत प्रत्येक बिंदूची घनता हाऊन्सफील्ड एककांत मोजतात. पाणी 0, हवा उणे 1000. निरोगी माणसाने श्वास सोडला की फुप्फुस आक्रसते आणि प्रतिमेत करडे दिसू लागते. जिथल्या सूक्ष्म श्वासनलिका अरुंद झालेल्या असतात तिथली हवा मात्र कोंडून राहते आणि तेवढे भाग काळेच राहतात. या प्रतिमेत उणे 856 पेक्षा कमी घनतेचा भाग सर्वसाधारणपणे कोंडलेल्या हवेचा धरतात, तर श्वास भरलेल्या प्रतिमेत उणे 950 पेक्षा कमी घनता वायुकोशांच्या भिंती नष्ट झाल्याचे सुचवते. स्पायरोमेट्री, म्हणजे नळीत फुंकून श्वासाची क्षमता मोजणारी चाचणी, आवश्यकच आहे, पण ती संपूर्ण छातीचा मिळून एकच हिशेब देते. शिवाय निरोगी फुप्फुसात 2 मिलिमीटरपेक्षा बारीक नलिकांचा एकूण अडथळ्यातील वाटा इतका थोडा असतो, की त्यांचे बरेच नुकसान होईपर्यंत आकडे फारसे बदलत नाहीत. आयुष्यभर चुलीच्या धुरात स्वयंपाक केलेल्या किंवा क्षयरोग बरा होऊनही धाप लागणाऱ्या आपल्याकडच्या रुग्णांसाठी मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो.

एमआरआय याहून पुढे जातो. फुप्फुसात पाणी कमी असल्याने साध्या एमआरआयचा संकेत क्षीण येतो. म्हणून अतिध्रुवीकृत (एमआरआयमधला संकेत खूप वाढेल असा तयार केलेला) झेनॉन-129 हा वायू श्वासातून आत घ्यायला देतात आणि हवा जिथे पोहोचते तेवढाच भाग उजळतो. उंदराच्या फुप्फुसांची अशी प्रतिमा 1994 मध्ये प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत रुग्णांसाठी मान्यता मिळायला डिसेंबर 2022 उजाडला. त्यासाठी वेगळी यंत्रणा लागते. श्वास सोडल्यानंतरच्या सीटीला मात्र आहे तेच यंत्र पुरते, आणि हा दुसरा स्कॅन कमी किरणमात्रेतही घेता येतो.

यात कसोटी लागते ती आमची. “आजी, सारी हवा बाहेर सोडा, आणि आता श्वास घेऊ नका,” हे टेबलावर झोपवण्याआधीच दोन-तीनदा करवून घ्यावे लागते. श्वास पुरता सुटला असेल तर मुख्य श्वासनलिकेची मागची भिंत सपाट होते किंवा आत झुकते. ती बाहेरच फुगलेली दिसली, तर हवा कोंडली आहे की नाही हे त्या प्रतिमेवरून ठरवू नये.