खुब्याचं ऑपरेशन : माझा अनुभव

माझं वय एकाहत्तर, बीपीची गोळी चालू. श्रावणात न्हाणीत पाय घसरला आणि डावा खुबा मोडला. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात सगळ्यांचं एकच म्हणणं, "या वयात कशाला चिरफाड माय? पडून ऱ्हावा, हाड जुळंल." एकानं हाडवैद्याचं नावही सुचवलं. सुनेनं मात्र पाय बघितला. तो आखूड झाला होता, पंजा बाहेरच्या अंगाला वळला होता. तिनं १०८ ला फोन लावला आणि आम्ही लातूर गाठलं. तिचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरांनी एक्स-रे समोर धरून समजावलं. मांडीच्या हाडाची मान मोडून सरकली होती. खुब्याच्या वाटीत बसणाऱ्या वरच्या गोळ्याला रक्त मुख्यतः मानेवरूनच जातं. ते तुटलं की गोळा वाळतो, आणि या वयात नुसता स्क्रू बसवून भरवसा नसतो. म्हणून गोळा काढून धातूचा बसवायचा, त्याला बायपोलर म्हणतात. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांचं हाड मानेच्या खाली मोडलं होतं. त्यांचा गोळा शाबूत ठेवून आत रॉड घातला.

शक्यतो ४८ तासांच्या आत ऑपरेशन व्हायला हवं, असं डॉक्टर म्हणाले. म्हातारं माणूस अंथरुणाला खिळलं की न्यूमोनिया होतो, पाठीला जखमा पडतात, पायात रक्ताची गुठळी होते. माणूस जातं ते बहुधा यानंच. रक्त तपासणी, एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी होईपर्यंत मुलगा दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटून आला. रेशनकार्ड आणि आधार जवळ असू द्या. महात्मा फुले या सरकारी मोफत उपचाराच्या योजनेत काय बसतं ते दाखल होतानाच विचारा.

कमरेत इंजेक्शन दिलं होतं. हातोडीचे ठोके ऐकू येत होते, दुखत काहीच नव्हतं. दुसऱ्या दिवशी वॉकर देऊन उभं केलं. तेव्हा मात्र डोळ्यांतून पाणी आलं. भेटायला आलेल्या जाऊबाई घाबरल्या, "आत्ताच उभं करालेत व्हय!" पण नव्या गोळ्यावर भार द्यायला हरकत नव्हती.

खरी कसोटी घरी. बाज खोलगट, तिच्यावर बसलं की गुडघा खुब्याच्या वर जातो आणि गोळा निसटायची भीती. मुलानं दिवाणाच्या पायांखाली विटा लावल्या. संडासात कमोडची खुर्ची आली. झोपताना दोन्ही पायांमध्ये उशी, मांडी घालणं बंद, खाली पडलेली वस्तू वाकून उचलणंही बंद. आयुष्यभर चुलीपुढं बसून भाकरी केलेल्या बाईला हे जड जातं. आता ओट्यापाशी उभ्यानं थापते. व्यायाम मात्र एक दिवस चुकवला नाही. मांडी आवळून धरणं, टाच सरकवणं, उभ्यानं पाय बाजूला नेणं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, काठी टेकत शेतात गेले, पूजेच्या कोपीपाशी खुर्ची टाकून भज्जी आणि आंबिल घेतलं.

एक गोष्ट बरीच घरं विसरतात. नुसतं उभ्या उभ्या पडून खुबा मोडतो, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली असतात. दुसराही मोडू शकतो. माझी डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजायची तपासणी केली, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू झालं, वर्षातून एकदा शिरेतून झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, म्हणजे हाडांची झीज कमी करणारं औषध, घ्यायचं ठरलं. न्हाणीत आता दोन्ही भिंतींना दांड्या बसवल्यात, आणि धाकट्या बहिणीचीही डेक्सा करून घेतली.