प्रायमरी टॅग : क्राइम

मी पुण्यात मीडिया मॉनिटरिंगमध्ये आहे. म्हणजे टीव्हीवर जे बोललं जातं त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला लेबल चिकटवायचं, कोण बोललं, कशावर बोललं, सूर कसा होता, कुठल्या सेकंदाला सुरू झालं आणि कुठे संपलं. आमचे मामा सगळ्यांना सांगत सुटतात की पोराला टीव्ही बघायचा पगार मिळतो, आता मी पण नाही म्हणायचं सोडून दिलंय. क्लायंट बहुतेक अमेरिकेतले. निवडणुकीच्या वर्षात त्यांना हवं असतं की हेल्थकेअरवर किती वेळ बोलले, इमिग्रेशनवर किती, आणि ते सगळं गणित आमच्या शीटवरून निघतं. तिकडे कुणीतरी कोट घालून रंगीत ग्राफ दाखवत असतो आणि त्यातला लाल रंग कुठे संपवायचा हे पुण्यातल्या एका माणसाने बर्म्युडावर बसून ठरवलेलं असतं.

नियम एकच, पण कडक. एका तुकड्याला एक प्रायमरी टॅग. सेकंडरी टाकायला जागा आहे पण ग्राफ प्रायमरीवरूनच निघतो, सेकंडरी कुणी उघडून पण बघत नाही.

मी सांगतोय तो दिवस ३० सप्टेंबर २०२०, बुधवार. ओहायोत क्लीव्हलंडला २९ च्या रात्री नऊ वाजता ट्रम्प आणि बायडेन यांची पहिली डिबेट होती, आपल्याकडे सकाळचे साडेसहा. ऑफिस बंद, सगळं घरून, कंपनीचा डोंगल आणि घरचं वायफाय दोन्ही चालू ठेवून बसलो होतो. त्यात नेमका त्याच दिवशी लखनौच्या कोर्टात बाबरीचा निकाल येणार होता, त्यामुळे हिंदी डेस्कच्या सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द, आणि इंग्लिश डेस्कवर आम्ही डिबेटवाले.

मॉडरेटर होते फॉक्स न्यूजचे क्रिस वॉलेस. त्यांनी सहा विषय आधीच जाहीर केले होते, दोघांचे रेकॉर्ड, सुप्रीम कोर्ट, कोविड, इकॉनॉमी, शेवटी निवडणूक नीट होणार का, आणि त्याच्या आधी पाचवा, 'रेस अँड व्हायलन्स इन अवर सिटीज', म्हणजे वंश आणि आपल्या शहरांमधला हिंसाचार. प्रत्येकाला साधारण पंधरा मिनिटं. आता हे नाव बघा जरा. मे महिन्यात मिनियापोलिसला पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर गुडघा दाबून त्याला मारलं, त्यानंतर अख्खा उन्हाळा अमेरिकेत लोक रस्त्यावर होते, आणि एवढं होऊन प्रेसिडेन्शियल डिबेटमध्ये या विषयाला जागा मिळाली ती हिंसाचाराच्या मांडीला मांडी लावून. तिकडेही यावर बरीच टीका झाली होती. आमच्या टीएलने, म्हणजे टीम लीडने, मात्र आदल्या रात्रीच फोनवर निकाल लावून टाकला, म्हणाली, पाचव्याला सरसकट क्राइम टाक, लॉ अँड ऑर्डरच असणार ते. मी म्हटलं आधी बोलू तर देत त्यांना.

बोलू दिलं कुठे पण. ज्यांनी ती डिबेट पाहिलीय त्यांना माहितीय, ट्रम्प दुसऱ्याला एक वाक्य पूर्ण करू देत नव्हते, वॉलेस दोघांवर ओरडत होते, सुप्रीम कोर्टाच्या भागातच बायडेन वैतागून 'विल यू शट अप, मॅन' म्हणून गेले. बघणाऱ्याला मजा असेल, आमच्यासाठी ती नुसती शिक्षा. तुकडा पाडायचा तर कुणाचं तरी वाक्य संपायला पाहिजे ना. ऑटोमॅटिक कॅप्शनने तर हात टेकलेले, तिघांची वाक्यं एकमेकांत घुसवून भलतंच काहीतरी छापत होतं, मग मागे जा, ऐक, परत मागे जा.

रेसचा विषय आला तेव्हा चहा गार झालेला. पहिला प्रश्न चांगला होता खरं तर, वंशाचे जे प्रश्न देशासमोर आहेत ते हाताळायला लोकांनी समोरच्यापेक्षा तुमच्यावर विश्वास का ठेवावा. बायडेन सुरू झाले शार्लट्सव्हिलपासून, २०१७ साली तिथे मशाली घेऊन आलेले ते गोरे वर्चस्ववादी, मग व्हाइट हाउससमोरून आंदोलकांना हुसकावून चर्चपुढे बायबल हातात धरून काढलेला फोटो. टॅग रेस. माझ्या स्क्रीनवर रेसची पट्टी पिवळी, क्राइमची लाल. मग ट्रम्प. ते थेट १९९४ च्या क्राइम बिलवर, तुम्ही काळ्या लोकांना सुपरप्रेडेटर, म्हणजे निर्दय अट्टल गुन्हेगार, म्हणालात आणि ते विसरलेले नाहीत. तो शब्द १९९६ ला वापरला होता हिलरी क्लिंटननी, पण मूळ मुद्दा खोटा नव्हता, त्या कायद्याला पुढे रेटण्यात सिनेटर बायडेन सगळ्यात पुढे होते आणि त्या काळातल्या कडक कायद्यांनी तुरुंग कुणाच्या पोरांनी भरले ते जगजाहीर आहे. म्हणून मी हेही पिवळंच केलं. आणि पुढच्याच श्वासात गाडी वळली. पोलीस माझ्या बाजूने आहेत, शेरीफ माझ्या बाजूने आहेत, पोर्टलंडच्या शेरीफने तर आजच पाठिंबा दिलाय (त्या शेरीफने त्याच रात्री ट्विट करून सांगितलं की मी कधीच दिलेला नाही आणि देणारही नाही), तुम्ही लॉ अँड ऑर्डर हा शब्द तरी तोंडातून काढून दाखवा. बायडेन म्हणाले लॉ अँड ऑर्डर पण न्यायासकट. लाल, लाल, लाल.

मग ब्रिओना टेलरचा प्रश्न आला आणि माझा हात माउसवर तसाच राहिला.

ही लुइव्हिलची सव्वीस वर्षांची मुलगी, हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सी रूममध्ये टेक्निशियन होती. मार्चमध्ये मध्यरात्रीनंतर पोलीस दार फोडून घरात घुसले आणि गोळ्या घातल्या. डिबेटच्या आदल्याच आठवड्यात ग्रँड ज्युरीचा, म्हणजे आरोप ठेवायचा की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, निर्णय आलेला, एकाच पोलिसावर आरोप ठेवला आणि तोही कशाचा, तर त्याच्या गोळ्या भिंतीतून शेजारच्या फ्लॅटमध्ये गेल्या म्हणून शेजाऱ्यांचा जीव धोक्यात घातल्याचा. ती मेली त्याबद्दल तेव्हा कुणावर काहीच नव्हतं. वॉलेसनी बायडेनना विचारलं की या देशात काळ्यांसाठी न्यायव्यवस्था वेगळी आणि असमान आहे असं तुम्हाला वाटतं का. बायडेन हो म्हणाले, शिक्षणात, नोकरीत, पोलिसांत, सगळीकडे आहे म्हणाले, आणि लगेच जोडून, की बहुतेक पोलीस चांगले, सभ्य, इमानदार असतात. म्हणजे जेमतेम दम घेतला आणि परत पोलीस.

आता याला काय टाकायचं. शीटप्रमाणे पोलीस, गोळीबार, कोर्ट आलं की क्राइम. पण यात क्राइम कुणाचा? ग्रँड ज्युरी म्हणते क्राइम झालाच नाही, आणि मी लाल पट्टी ओढली तर आमच्या क्लायंटच्या ग्राफमध्ये ब्रिओना टेलर 'शहरातली वाढती गुन्हेगारी' या खांबाची उंची वाढवणार. मी पिवळं केलं आणि कॉमेंटमध्ये कारण लिहून ठेवलं.

पुढचं भराभर गेलं. सरकारी खात्यांमधलं वंशभेदाबद्दलचं ट्रेनिंग का बंद केलं, तर ट्रम्प म्हणाले कारण तेच रेसिस्ट होतं. मग शहरांमधले खून, मग तुमची उपनगरं उद्ध्वस्त होतील ही भीती, त्यावर बायडेन म्हणाले हे १९५० साल नाही. मग वॉलेसनी विचारलं गोऱ्या वर्चस्ववाद्यांचा निषेध करणार का, ट्रम्प म्हणाले नाव सांगा, बायडेननी प्राउड बॉइज या कडव्या उजव्या टोळीचं नाव घेतलं आणि ते जगभर गाजलेलं वाक्य आलं, 'स्टँड बॅक अँड स्टँड बाय', मागे व्हा आणि तयार राहा. काही तासांत त्या लोकांनी ते टीशर्टवर छापायला घेतलं. टीएलचा पिंग आला, हे एक्स्ट्रीमिझममध्ये टाक. आमच्या शीटमध्ये एक्स्ट्रीमिझम येतो नॅशनल सिक्युरिटीच्या पोटात. म्हणजे गोरा वर्चस्ववाद पण रेसमध्ये नाही. मग रेसमध्ये नक्की काय येतं यार, नुसतं 'मी रेसिस्ट नाही' एवढंच?

हे तसं नवीन नव्हतं, फक्त मला तोवर एवढं दिसलं नव्हतं. आदल्या वर्षी जूनमध्ये मायामीला डेमोक्रॅट्सची प्रायमरी डिबेट झाली, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या आधीची आपसातली, त्यात कमला हॅरिसनी बायडेनना बसिंगवरून धरलं होतं, काळ्या-गोऱ्या मुलांना एका शाळेत आणायला बसने न्यायचे त्यावरून, आणि त्या बसमधली छोटी मुलगी मी होते म्हणाल्या. अख्ख्या इंटरनेटवर तेच चाललेलं. ते आमच्याकडे कशात गेलंय म्हणून शोधलं तर निघालं एज्युकेशनमध्ये.

पहिला ड्राफ्ट संपत आला तेवढ्यात हिंदी डेस्कवरच्या मित्राचा फोन. हा नागपूरचा. पहाटेपासून बाबरीच्या तयारीत बसलेला, पण सकाळी चॅनलवर भलतंच आलं होतं. हाथरसची ती एकोणीस वर्षांची दलित मुलगी आदल्या दिवशी दिल्लीत सफदरजंग हॉस्पिटलमध्ये वारली होती आणि रात्री अडीचच्या सुमारास यूपी पोलिसांनी गावात नेऊन, घरच्यांना बाजूला ठेवून तिचा मृतदेह जाळून टाकला होता. आई गाडीपुढे आडवी पडतेय असे व्हिडिओ फिरत होते. हा म्हणाला, "अबे, याला काय टाकू? शीट म्हणते क्राइम, महिला. जात टाकली की वॉर्निंग देऊन राहिलं की प्रायमरी एकच पाहिजे." मी विचारलं चॅनलवाले जातीवर बोलतायत का. म्हणाला, "मुलगी दलित, आरोपी ठाकूर, एवढं एकदा सांगतात न् मग दहा मिनिटं पोलीस, पोस्टमॉर्टेम, कायदा-सुव्यवस्था."

माझ्या स्क्रीनवर लुइव्हिल, त्याच्या स्क्रीनवर हाथरस, आणि दोघांच्या ड्रॉपडाउनमध्ये तोच शब्द.

मी टीएलला कॉल लावला, त्यालाही घेतलं. म्हटलं हे दोन्हीकडे चुकतंय, रेस आणि जात यांना डबल प्रायमरी द्या नाहीतर यांचा ग्राफ कायम जमिनीलाच चिकटलेला राहणार, आणि मग लोक म्हणणार बघा, यावर तर कुणी बोलतच नाही. ती बिचारी दोन फोनवर होती, एकीकडे बाबरी एकीकडे क्लीव्हलंड. म्हणाली, "तू पर्सनली घेतोयस." माझं आडनाव तिला माहितीय, तेव्हा पर्सनली म्हणजे काय ते मला कळलं आणि मला कळलं हे तिलाही कळलं. मग सावरायला म्हणाली, तसं नाही रे, पण अमेरिकेतल्या काळ्यांचं आपल्याला एवढं काय पडलंय. मी म्हटलं, जोतिबांनी १८७३ ला 'गुलामगिरी' अर्पण कुणाला केली ते एकदा उघडून बघ, अमेरिकेतल्या गुलामांना सोडवणाऱ्या तिथल्या लोकांना केलीय, आपल्याला पडलंय ते तेव्हापासून. त्यावर ती जे म्हणाली त्याला मात्र तोड नाही. म्हणाली, "हे क्लायंटला मेलमध्ये लिहू का?"

पण क्वेरी पाठवली तिने, हे तिचं श्रेय. ब्रिओना टेलरचा क्लिप जोडून पाठवली.

क्लायंटचं उत्तर एका ओळीचं. प्रायमरी टॅग मॉडरेटरच्या प्रश्नावरून द्या, उत्तरावरून नको. म्हणजे प्रश्न रेसचा असेल तर उमेदवार पुढे शेरीफवर बोलो नाहीतर उपनगरांवर, पट्टी पिवळी. सगळं परत रंगवलं. आधी ग्राफ बघून वाटलं असतं की कुणी बोललंच नाही, आता वाटायला लागलं की भरभरून बोलले. दोन्ही खोटं. मला विचाराल तर खरी माहिती त्या फटीत होती, प्रश्न विचारल्यापासून उत्तर पोलिसांवर सरकेपर्यंत जो वेळ जातो तो मोजायला हवा होता, तसा कॉलम कुणाच्याच शीटमध्ये नाही.

२२ ऑक्टोबरला नॅशव्हिलची डिबेट आली, तीही मीच केली. या वेळी मॉडरेटर क्रिस्टन वेल्कर, त्या स्वतः कृष्णवर्णीय, विषयाचं नाव नुसतं 'रेस इन अमेरिका', आणि सुरुवातीच्या उत्तरांपुरता समोरच्याचा माइक बंद. त्यांनी विचारलं ते आकडे नव्हते की कायदा नव्हता. काळे आणि ब्राउन आईबाप मुलांना जे बसवून सांगतात, की कातडीच्या रंगावरून पोलीस तुला अडवू शकतात, त्या आईबापांशी थेट बोला. बायडेन म्हणाले, मला माझ्या मुलीला कधी सांगावं लागलं नाही की गाडी अडवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेव आणि ग्लोव्ह बॉक्सकडे हात नेऊ नकोस. हे ऐकताना मला आमचे बाबा आठवले. ते खडकीच्या फॅक्टरीत होते. मी पहिल्यांदा रूम शोधायला निघालो तेव्हा म्हणाले होते, आडनाव विचारायची वाट बघू नकोस, आधीच सांगून टाक, सामान लावल्यावर कळलं तर जास्त त्रास देतात. जीवाची भीती आणि रूमची भीती एक नव्हे, ते मला कळतं, पण आईबापांनी पोराला बसवून सांगायच्या गोष्टी सगळीकडे असतात एवढं खरं.

ट्रम्पना विचारलं तुम्हाला या लोकांची भीती समजते का. हो म्हणाले, आणि परत क्राइम बिल, सुपरप्रेडेटर. मग लिंकनचा एखादा अपवाद सोडला तर काळ्यांसाठी माझ्याइतकं कुणी केलेलं नाही, आणि या खोलीत सगळ्यात कमी रेसिस्ट मी आहे. नवीन नियमाप्रमाणे अथपासून इतिपर्यंत सगळं पिवळं. टीएल खूश, म्हणाली यावेळी एकही एरर नाही.

हाथरसचं काय केलं म्हणून नंतर नागपूरवाल्याला विचारलं. म्हणाला, दोन दिवस क्राइममध्ये होतं, मग दिल्लीहून नेते निघाले, पोलिसांनी त्यांना रस्त्यात अडवलं, धक्काबुक्की झाली, तेव्हापासून टीएलने पॉलिटिक्समध्ये टाकायला सांगितलं. जात सेकंडरीला आहे.